आयडीएस लावताय? आधी त्याला काय दिसतंय ते बघा

चाकणकडच्या एका कारखान्यात मला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे सुरिकाटा हा आयडीएस (नेटवर्कवरचं ट्रॅफिक बघून काही संशयास्पद दिसलं की अलर्ट देणारं सॉफ्टवेअर) लावून साडेतीन महिने झाले होते आणि तिथला आयटी सांभाळणारा मुलगा अगदी खुशीत होता, "सर, एकपण अलर्ट नाही, नेटवर्क एकदम क्लीन आहे." शंभर-सव्वाशे पीसी, दोन डीव्हीआर, थंब मशीन, टॅलीचा सर्व्हर आणि साडेतीन महिन्यांत एकही अलर्ट नाही, असं होऊच शकत नाही. स्विचवर लॉगिन करून मिरर पोर्टची (स्विचमधून जाणाऱ्या ट्रॅफिकची कॉपी ज्यातून आयडीएसला मिळते त्या पोर्टची) सेटिंग उघडली तर फक्त एका दिशेचं ट्रॅफिक कॉपी होत होतं. पीसीकडून बाहेर जाणारं दिसत होतं, बाहेरून येणारं उत्तर दिसतच नव्हतं. सुरिकाटाचे बरेचसे रूल (काय दिसलं की अलर्ट द्यायचा ते सांगणाऱ्या ओळी) असे लिहिलेले असतात की कनेक्शन दोन्ही बाजूंनी जुळलं असेल तरच पुढचं बघ, आणि एकच बाजू दिसली की त्याच्या हिशोबाने कनेक्शन जुळलेलंच नसतं, म्हणून तो बिचारा गप्प बसून होता. मिरर दोन्ही दिशांचा केला, चहा येईपर्यंत पहिला अलर्ट आला. स्टोअरमधला एक जुना पीसी दर साठ सेकंदांनी बाहेरच्या एकाच पत्त्याला हाक मारत होता, आणि किती महिन्यांपासून मारत होता ते आता कोणालाच सांगता येणार नाही कारण तेव्हाचं काही रेकॉर्डच झालेलं नव्हतं.

तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी रूलच्या आधी हेच बघतो, की या मशीनला खरंच दिसतंय किती. इंटरनेटवर आयडीएसच्या गाईड भरपूर आहेत पण बहुतेकांत इन्स्टॉलच्या कमांड असतात आणि तिथेच संपतं. इन्स्टॉल हा अर्ध्या तासाचा भाग आहे हो. खाली लिहितोय ते शंभर-दोनशे मशीनच्या ऑफिसला, कारखान्याला, पतसंस्थेला, कॉलेजला लागू पडेल असं, जिथे आयटीत एक किंवा फार तर दोन माणसं असतात.

सॉफ्टवेअर कोणतं

यावर जास्त वेळ घालवू नका. स्नॉर्ट हा सगळ्यात जुना, मार्टिन रोशने १९९८ मध्ये लिहिला, पुढे २०१३ मध्ये त्याची कंपनी सिस्कोने घेतली आणि २०२१ मध्ये स्नॉर्ट ३ आला. सुरिकाटाचं पहिलं स्टेबल व्हर्जन २०१० चं, ते एक ना-नफा फाउंडेशन चालवतं आणि सुरुवातीपासूनच ते प्रोसेसरचे सगळे कोअर वापरायचं म्हणून लोक तिकडे वळले. तिसरा झीक, तो १९९५ मध्ये व्हर्न पॅक्सन यांनी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये सुरू केला, तेव्हा नाव ब्रो होतं, २०१८ मध्ये झीक झालं. झीकचा स्वभाव वेगळा आहे, तो ओरडण्यापेक्षा डायरी लिहितो, कोण कोणाशी बोललं, किती वेळ, कुठलं नाव विचारलं, कुठली फाईल गेली.

एकट्या माणसाने सुरुवात करायची तर सुरिकाटा घ्या, कारण तो अलर्ट पण देतो आणि डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता विचारणं), टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन), फ्लो (कोण कोणाशी किती बोललं) यांच्या नोंदी पण ठेवतो, म्हणजे झीकचं थोडं काम त्यातच होऊन जातं. मशीन दणकट असेल तर सिक्युरिटी ओनियन बघा, त्यात सगळं एकत्र येतं, स्क्रीनसकट. पण रॅम खातो तो.

कुठे लावायचा, आणि इथेच सगळे चुकतात

पहिल्यांदा लावणाऱ्याला वाटतं की चोर बाहेरून येणार म्हणून सेन्सर, म्हणजे आयडीएस चालणारं मशीन, फायरवॉलच्या बाहेर, लीज लाईनवर लावावा. तिथे लावला की दिवसभर जगभरातले स्कॅनर दार वाजवताना दिसतात, हजारो अलर्ट येतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे फायरवॉलने आधीच अडवलेले असतात. दुसरा त्रास त्याहून मोठा आहे. आतल्या सगळ्या पीसींचं ट्रॅफिक नॅट होऊन, म्हणजे आतले पत्ते झाकले जाऊन, एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर पडतं, त्यामुळे अलर्ट आला तरी तो "तुमच्या ऑफिसातून" एवढंच सांगतो. एका सीए फर्ममध्ये असा अलर्ट आला होता, खरा होता, आणि कुठल्या पीसीचा ते शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली, एकेक लॅन केबल काढून बघत. म्हणून पहिला सेन्सर फायरवॉलच्या आतल्या बाजूला, कोअर स्विचवर (बाकीचे स्विच ज्याला जोडलेले असतात त्यावर), जिथे १९२.१६८ वाले खरे पत्ते दिसतात तिथे. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या फायरवॉलवरच सुरिकाटा चालवत असाल तरी तेच, वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) नको, लॅनच्या (आतल्या) इंटरफेसवर चालवा.

मग दुसरी जागा, सर्व्हरच्या तोंडाशी. २७ जून २०१७ आठवा, नॉटपेट्या नावाचं मालवेअर आलं आणि आपल्या न्हावा-शेवामधलं, जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरच्या रांगा लागल्या. ते मालवेअर मुळात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरलं होतं आणि एकदा आत आल्यावर एका पीसीवरून दुसऱ्या पीसीवर, विंडोज शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून, चोरलेल्या पासवर्डने, असं आतल्या आत पसरलं. गेटवर कितीही चांगला वॉचमन ठेवला तरी बिल्डिंगच्या आत एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये जाणारा माणूस त्याला दिसत नाही. तर सर्व्हरच्या व्हीलॅनकडे (त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या भागाकडे) जाणारं येणारं ट्रॅफिक सेन्सरला दाखवाच.

डीएनएसचं पण बघा. ऑफिसात डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा विंडोज सर्व्हर) असेल तर सगळे पीसी त्यालाच नाव विचारतात आणि तो बाहेर विचारतो. सेन्सर त्या सर्व्हरच्या पुढे असेल तर प्रत्येक खराब डोमेनच्या अलर्टमध्ये डोमेन कंट्रोलरचाच पत्ता येणार, आणि नवीन माणूस घाबरून तोच सर्व्हर फॉर्मॅट करायला निघतो (असं होता होता राहिलेलं मी बघितलंय). पीसी आणि डीएनएस सर्व्हर यांच्या मधलं बोलणं सेन्सरला दिसलं पाहिजे. ते जमत नसेल तर सर्व्हरवरचं डीएनएस लॉगिंग तरी चालू करा.

कागदावर एक चित्र काढा. हाताने काढलेलं चालतं. कुठले व्हीलॅन आहेत, सेन्सरला कुठले दिसतात, कुठले दिसत नाहीत. न दिसणाऱ्यांवर लाल पेनाने गोल करा आणि तो कागद भिंतीवर लावा. सीसीटीव्हीचा व्हीलॅन, गेस्ट वायफाय, शॉप फ्लोअरवरच्या मशीन, व्हीपीएनवरून येणारे, हे नेहमी लाल गोलात सापडतात.

मिरर पोर्ट की टॅप

मिरर पोर्ट, म्हणजे सिस्कोवाले ज्याला स्पॅन म्हणतात तो, मॅनेज्ड स्विचमध्ये फुकट मिळतो म्हणून सगळे तोच वापरतात आणि छोट्या ऑफिसला तो पुरतो. फक्त साधा हिशोब करा. एक गिगाबिटची लिंक दोन्ही दिशांना एकेक गिगाबिट वाहू शकते, म्हणजे भरात दोन गिगाबिट, आणि तुम्ही ते एका गिगाबिटच्या मिरर पोर्टमधून बाहेर काढताय. वर आठ पोर्ट एकत्र मिरर केले तर विचारूच नका. जास्तीचे पॅकेट स्विच गुपचूप टाकून देतो, सेन्सरला कळत पण नाही की आपल्याला काही मिळालं नाही, कारण ते त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून मिरर पोर्टवरचा आउटपुट ड्रॉपचा आकडा स्विचवर जाऊन बघायची सवय लावा. १०० एमबीपीएसच्या लीज लाईनचा मिरर असेल तर काळजी नाही, सर्व्हरच्या अपलिंकचा असेल तर आहे. तिथे पैसे असतील तर टॅप (तारेच्या मध्ये बसून ट्रॅफिकची कॉपी काढणारं उपकरण) घ्या, किंवा मिररसाठी दहा गिगाबिटचा पोर्ट द्या.

अजून एक, आणि हे एमआयडीसीवाल्यांनी नीट वाचा. मिररची सेटिंग केली आणि कॉन्फिग सेव्ह करायचं राहिलं की गुरुवारच्या शटडाऊनला लाईट जाते, यूपीएस तासाभरात दम टाकतो, स्विच रीबूट होतो, आणि मिरर गायब. नेटवर्क नीट चालू असतं म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. सेव्ह करा, आणि सेव्ह झालं का ते एकदा स्विच मुद्दाम रीबूट करून बघा, रविवारी.

मशीनची तयारी

चार ते आठ कोअर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी, एवढ्यात एका गिगाबिटच्या आतलं साधं ऑफिस मी आरामात चालवलंय. नेटवर्क कार्ड दोन पाहिजेत. एक मॅनेजमेंटचं, त्यावरून तुम्ही लॉगिन करणार. दुसरं फक्त ऐकणारं, त्याला आयपी द्यायचा नाही, त्यावरून मशीनने एक शब्द पण बोलता कामा नये. आणि मॅनेजमेंटचं कार्ड सगळ्यांच्या लॅनमध्ये नको, वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, कारण हे एक मशीन असं आहे की ज्याला अख्ख्या ऑफिसचं ट्रॅफिक दिसतं, ते कोणाच्या हाती लागलं तर आपणच त्याला दुर्बीण दिल्यासारखं होईल.

ऐकणाऱ्या कार्डवर इथटूल या लिनक्सच्या कमांडने जीआरओ आणि एलआरओ बंद करा. ही दोन फीचर छोटे छोटे पॅकेट जोडून एक मोठं पॅकेट बनवतात, सर्व्हरला ते सोयीचं असतं पण आयडीएसला पॅकेट जसं तारेवरून आलं तसंच्या तसं बघायचं असतं. रीबूटनंतर ती परत चालू होतात, म्हणून स्टार्टअपमध्ये टाका. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत असाल तर होस्टच्या व्हर्च्युअल स्विचवर प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्यांचं ट्रॅफिक पण बघू देणारा) चालू करावा लागतो, नाहीतर सेन्सरला फक्त त्याच्या स्वतःच्या नावाचं आणि ब्रॉडकास्ट दिसतं.

सुरू झाल्यावर स्टॅट्समधले दोन आकडे बघा, कर्नल पॅकेट्स आणि कर्नल ड्रॉप्स. समजा ५० लाख पॅकेट आले आणि ड्रॉप ४० हजार, म्हणजे ०.८ टक्के, चालेल. मी एक टक्क्याच्या वर गेलं की हात घालतो. आणि हे सकाळी आठला रिकाम्या ऑफिसात बघून उपयोग नाही, अकरा वाजता बघा, संध्याकाळी बघा, आणि रात्री बॅकअप चालू असताना तर नक्की बघा. बॅकअपचं ट्रॅफिक एकटंच सगळा प्रोसेसर खाऊन टाकतं, ते फिल्टर लावून सेन्सरपासून बाजूला काढलं तरी हरकत नाही, पण मग भिंतीवरच्या त्या कागदावर तिथे पण लाल गोल करा.

व्हीलॅनचा एक किस्सा असा असतो की जाणारं पॅकेट एका टॅगचं आणि येणारं दुसऱ्या टॅगचं दिसतं. सुरिकाटा मग त्यांना दोन वेगळी कनेक्शनं समजतो आणि परत तोच एकतर्फी प्रकार होतो. कॉन्फिग फाईलमध्ये व्हीलॅन ट्रॅकिंगचा एक पर्याय आहे, अशा वेळी तो बंद करायचा.

होम नेट, दोन ओळींचं काम पण जीव त्यात आहे

कॉन्फिगमध्ये होम नेट म्हणजे "आपले", आणि एक्स्टर्नल नेट म्हणजे "परके". डिफॉल्टला होम नेटमध्ये सगळ्या प्रायव्हेट रेंज टाकलेल्या असतात आणि एक्स्टर्नल म्हणजे जे होम नाही ते. गेटवरच्या, म्हणजे फायरवॉलजवळच्या, सेन्सरला हे बरोबर आहे, तुमचे पब्लिक आयपी असतील तर तेवढे वाढवा. पण सर्व्हरसमोरच्या सेन्सरला हेच डिफॉल्ट ठेवलं तर बघा काय होतं. अटॅकचे बरेच रूल "परक्याकडून आपल्याकडे" असे लिहिलेले आहेत. अकाउंटसचा पीसी सर्व्हरवर हल्ला करतोय, दोघेही "आपले", रूल लागूच होत नाही. म्हणजे नॉटपेट्यासारख्या प्रकारासाठी तुम्ही सेन्सर लावला आणि नेमकं तेच त्याला बघू नको म्हणून सांगितलं. सर्व्हरवाल्या सेन्सरवर होम नेटमध्ये फक्त सर्व्हरचा व्हीलॅन ठेवा, म्हणजे बाकी ऑफिस आपोआप परकं होतं. किंवा एक्स्टर्नल नेटला "कोणीही" करा, मग आवाज वाढेल पण काही सुटणार नाही.

टेस्ट करा, दर आठवड्याला करा

टेस्टमायनिड्स डॉट ऑर्ग नावाची साईट याचसाठी आहे. तिचं यूआयडीवालं पान साध्या एचटीटीपीवरून कर्ल या कमांडने मागवायचं, उत्तरात लिनक्सच्या रूट युजरची ओळ येते, आणि सुरिकाटामध्ये २१००४९८ नंबरचा रूल वाजला पाहिजे. एचटीटीपीएसने मागवू नका, ते एन्क्रिप्ट होऊन जाईल आणि काही वाजणार नाही.

हे एकाच पीसीवरून करून थांबू नका. प्रत्येक व्हीलॅनमधल्या एका मशीनवर सोमवारी सकाळी आपोआप चालेल असं लावून टाका, आणि साडेनऊला मोजा, सात व्हीलॅन असतील तर सात अलर्ट आले का. सहाच आले तर एक डोळा मिटलाय. चाकणवाल्यांकडे हे असतं तर साडेतीन महिने नाही, फार तर सात दिवस गेले असते.

ही टेस्ट इंटरनेटच्या रस्त्याचीच झाली. आतल्या रस्त्यासाठी मी दुसरी युक्ती वापरतो आणि ती मला सगळ्यात आवडते. सर्व्हरच्या रेंजमधला एक न वापरलेला पत्ता घ्या, समजा १९२.१६८.१०.२५०, त्यावर एक जुना रिकामा पीसी किंवा रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) ठेवून द्या, आणि एकच स्वतःचा रूल लिहा की आतल्या कोणीही या पत्त्याशी बोलायचा प्रयत्न केला की अलर्ट. स्वतःच्या रूलना दहा लाखांपासून पुढचे नंबर द्या, १०००००१ वगैरे, वीस लाखांच्या आतली ती रेंज लोकल रूलसाठीच राखीव आहे. त्या पत्त्यावर कोणाचंच काही काम नाही, त्यामुळे तिथे जो जाईल तो एकतर स्कॅन करतोय, किंवा त्याच्या पीसीत काहीतरी शिरलंय, किंवा तुम्हीच टेस्ट करताय. वर्षात चार-पाच वेळा वाजतो, पण वाजला की उठायचंच.

रूल आणि ट्यूनिंग

सुरिकाटा-अपडेट ही कमांड चालवली की ईटी ओपन या तयार संचातले हजारो रूल फुकट येतात. रोज अपडेट होतात, तुम्ही पण रोज रात्री ओढून घ्या. पहिल्या दिवशी सगळे चालू ठेवा आणि आठवडाभर काही बंद करू नका, नुसतं बघा. मग सगळ्यात जास्त वाजणारे वीस रूल काढा. माझ्या अनुभवात पहिल्या वीसमध्येच बहुतेक सगळा गोंगाट असतो.

आपल्याकडच्या ऑफिसात काय निघतं ते सांगतो म्हणजे दचकणार नाही. डीव्हीआर रात्रंदिवस बाहेरच्या क्लाऊडशी बोलत असतो, मोबाईलवर कॅमेरे दिसावेत म्हणून. थंब मशीन असंच काहीतरी करतं. प्रिंटरला एसएनएमपीवर (नेटवर्कवरून उपकरणांची स्थिती विचारायच्या पद्धतीने) "पब्लिक" पासवर्डने विचारणारं सॉफ्टवेअर असतं. टॅलीच्या सपोर्टवाला एनीडेस्कवर (दुरून पीसी चालवायच्या सॉफ्टवेअरवर) येतो. विंडोजचे अपडेट पीसी एकमेकांना वाटतात. कोणाच्या तरी लॅपटॉपवर टॉरेंट असतो.

यातलं प्रत्येक "फॉल्स आहे, बंद करा" म्हणून उडवू नका, हीच खरी विचार करायची जागा आहे. डीव्हीआर बाहेर बोलतोय हा अलर्ट खोटा नाही, खराच आहे, प्रश्न एवढाच की ते तुम्हाला चालतं का. चालत नसेल तर फायरवॉलवर बंद करा, अलर्ट आपोआप थांबेल. एनीडेस्कचा रूल तर कधीच सरसकट बंद करू नका, कारण आजकाल चोर पण तेच वापरतो. टॅलीच्या सर्व्हरच्या एका पत्त्यापुरता सप्रेस करा, म्हणजे तेवढ्यापुरता अलर्ट दाबा. उद्या एचआरच्या पीसीवर एनीडेस्क दिसलं तर ते वाजलंच पाहिजे. थ्रेशोल्ड फाईलमध्ये रूल नंबर आणि सोर्स आयपी देऊन असा सप्रेस करता येतो, किंवा "एका मशीनसाठी तासाला एकदाच सांग" अशी मर्यादा घालता येते, गोंगाट जातो पण डोळा मिटत नाही. पूर्ण रूल बंद फक्त तेव्हाच, जेव्हा ती वस्तूच तुमच्याकडे नाही, म्हणजे ओरॅकल नाहीच तर ओरॅकलचे रूल कशाला.

आणि प्रत्येक सप्रेसच्या वर एक ओळ लिहा, तारीख, कारण, कोणी केलं. "१२ जून, टॅली सपोर्ट, मार्चनंतर परत बघणे." सहा महिन्यांनी तुम्ही नोकरी सोडाल, पुढच्या माणसाला ती एक ओळ सोन्यासारखी वाटेल.

सगळं एन्क्रिप्टेड आहे मग काय दिसणार

हा प्रश्न नेहमी येतो. खरंय, बहुतेक वेब ट्रॅफिक आता टीएलएसमध्ये आहे आणि आतला मजकूर सेन्सरला दिसत नाही. टीएलएस १.३ मध्ये सर्टिफिकेट पण झाकलं गेलंय. पण पाकीट बंद असलं तरी पाकिटावरचा पत्ता, शिक्का आणि वजन दिसतं ना, तसं आहे हे. डीएनएसला कुठलं नाव विचारलं, कनेक्शनच्या सुरुवातीला कुठल्या साईटचं नाव दिलं, क्लायंटचा जेए३ किंवा जेए४ ठसा (कनेक्शन सुरू करायच्या पद्धतीवरून सॉफ्टवेअर ओळखणारा) काय, किती वेळाने परत परत जातोय, रात्री दोन वाजता किती जीबी बाहेर गेलं. स्टोअरमधला तो पीसी पण एचटीटीपीएसवरच बोलत होता, पकडला तो डोमेनच्या नावावरून आणि दर साठ सेकंदांच्या ठेक्यावरून. म्हणून फ्लो, डीएनएस आणि टीएलएसच्या नोंदी चालू ठेवाच, नुसते अलर्ट साठवू नका. आणि पीसींनी बाहेरचा डीएनएस परस्पर वापरू नये म्हणून फायरवॉलवर ५३ पोर्ट फक्त तुमच्या डीएनएस सर्व्हरलाच मोकळा ठेवा, माहितीतले एचटीटीपीएसवाले डीएनएस पण अडवा.

घड्याळ, लॉग आणि माणूस

सेन्सर भारतीय वेळ लिहितो आणि फायरवॉल यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे सेन्सरवर दुपारी दोनचा अलर्ट असेल तर फायरवॉलच्या लॉगमध्ये तो सकाळी साडेआठला शोधावा लागतो. गडबडीच्या वेळी हे साडेपाच तास माणसाला वेडं करतात. सगळी मशीनं एकाच वेळेवर आणा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तर एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या, टाईम सर्व्हरशी जोडायलाच सांगितलंय. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं हे पण आहे. दिवसाला दोन जीबी लॉग होत असेल तर १८० दिवसांचे ३६० जीबी, कॉम्प्रेस केल्यावर बरेच कमी, म्हणजे डिस्कचं कारण सांगता येणार नाही. लॉगची कॉपी दुसऱ्या मशीनवर पाठवा. डीएचसीपीचे (पीसींना आयपी वाटणाऱ्या सेवेचे) लॉग पण तेवढेच दिवस ठेवा, नाहीतर १९२.१६८.१.७७ हा त्या दिवशी कोणाचा लॅपटॉप होता ते कळणार नाही. आणि नेटवर्कवर असं लक्ष ठेवलं जातं हे स्टाफला लेखी सांगा, त्यांचा तो हक्क आहे.

आता माणूस. अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीतून चार कोटी कार्डांचा डेटा गेला. त्यांच्याकडे महागडी यंत्रणा होती, तिने अलर्ट दिले होते, बंगळुरूच्या टीमने ते पुढे कळवले पण होते, आणि पुढे काही हाललं नाही. आपल्या पुण्यातलं बघा, कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले ते ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला. ११ तारीख दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. चोर कॅलेंडर बघून येतो.

म्हणून लावायच्या आधीच ठरवा की रोज सकाळी वीस मिनिटं कोण बसणार, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण, आणि दिवाळीत कोण. मोबाईलवर सगळे अलर्ट पाठवू नका, दोन दिवसांत तो ग्रुप म्यूट होतो. फक्त तीन-चार पाठवा: रिकाम्या पत्त्यावाला, सर्व्हरने स्वतःहून अनोळखी ठिकाणी बाहेर जाणं, माहितीतल्या मालवेअरच्या हाका, आणि सेन्सर बंद पडला हा. अलर्ट बघताना आधी एवढंच विचारा की सुरुवात आतून झाली का बाहेरून, आणि समोरून उत्तर आलं का. बाहेरून आलं आणि उत्तर मिळालं नाही, सावकाश बघा. आतून गेलं आणि उत्तर आलं, हातातलं काम बाजूला ठेवून लगेच बघा.

आणि मालकाकडून एक परवानगी आधीच लेखी घ्या, की अशा वेळी कुठल्याही पीसीचा स्विच पोर्ट कोणाला न विचारता बंद करता येईल. रात्री अकरा वाजता साहेबांचा फोन लागत नाही, आणि तेवढ्यात सगळं होऊन जातं.

ब्लॉक कधी करायचं

सुरिकाटा मध्ये बसवून पॅकेट अडवता पण येतं, आयपीएस म्हणतात ते. पहिल्या दोन महिन्यांत नका करू. एका चुकीच्या रूलने जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी पोर्टल अडवलं तर दुसऱ्या दिवशी मालक तो सगळा सेटअपच काढून टाकायला लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. आधी ज्या रूलने दोन महिन्यांत एकदाही खोटं सांगितलं नाही असे दहा-पंधरा निवडा, तेवढेच ड्रॉपला टाका, आणि मशीन बंद पडलं तर ट्रॅफिक सरळ वाहील असं बायपासवालं कार्ड घ्या. बाकीचे अलर्टवरच राहू द्या.

नवीन स्विच आला, नवीन व्हीलॅन काढला, लीज लाईन बदलली, फायरवॉलवाला येऊन काहीतरी करून गेला, की त्याच संध्याकाळी सोमवारवाली टेस्ट हाताने चालवा आणि सात अलर्ट मोजूनच घरी जा. व्हीलॅन वाढला असेल तर आठ.